गवत लावलं म्हणजे जबाबदारी संपली?

पाणी उकळलं की जंतू मरतात. आरडीएक्स मात्र जात नाही. लष्करी सरावाच्या मैदानांतून हे स्फोटक भूजलात झिरपतं. ते जास्त पोटात गेलं तर झटके येतात. साधं गवत ते मुळांतून शोषतं, पण पानांत साठवतं. पान कुजलं की विष पुन्हा मातीत. म्हणून शास्त्रज्ञांनी आरडीएक्स पचवणाऱ्या जीवाणूची जनुकं स्विचग्रास या गवतात घातली. अमेरिकेत फोर्ट ड्रम या लष्करी तळावर चाचणी झाली. २०२१ साली निष्कर्ष छापून आले : हे गवत आरडीएक्स आतच मोडून टाकतं. उपाय चांगलाच आहे. पण गवताला वर्षं लागतात, तहान आजची असते. तोवर आसपासच्या विहिरी तपासणं आणि लोकांना स्वच्छ पाणी देणं हे स्फोटकं वापरणाऱ्यांचंच काम आहे.