छावणीचे दार कोणाच्या हाती?

निर्वासिताला आसरा देणे वेगळे आणि त्याला कोंडून ठेवणे वेगळे. हा भेद आपल्याच देशात किती पुसट झाला आहे, हे तामिळनाडूत दिसते. १९८३ च्या जुलैत श्रीलंकेत तामिळांची कत्तल झाली आणि जीव वाचविण्यासाठी हजारो कुटुंबे समुद्र ओलांडून आली. त्यांच्यासाठी मंडपम् येथे व इतरत्र छावण्या उघडल्या गेल्या. आज त्या राज्यात अशा शंभराहून अधिक छावण्या आहेत. शासन तेथे निवारा, शिधा व दरमहा रोख मदत देते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २०२१ साली त्यांना ‘पुनर्वसन छावणी’ असे नावही मिळाले.

परंतु नाव बदलले म्हणून दार उघडले असे होत नाही. दिवसा मजुरीस जाण्याची मुभा आहे. मात्र हजेरीस उपस्थित राहावेच लागते, आणि अधिक दिवस बाहेर राहावयाचे तर अधिकाऱ्याची परवानगी लागते. १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाल्यावर हे निर्बंध कडक झाले. काही जणांच्या गुन्ह्याची झळ सहस्रावधी निरपराध्यांना लागली.

कायदा काय सांगतो? घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने देशभर संचार करण्याचा हक्क केवळ नागरिकांस दिला आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराचा २६ वा अनुच्छेद निर्वासितांस तो हक्क देतो. पण भारत त्या करारात सामील नाही. येथेच थांबणारा वकील अर्धाच कायदा सांगतो. २१ व्या अनुच्छेदात ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘व्यक्ती’ हा आहे. परकीयाच्याही जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करण्यास राज्य बांधलेले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली चकमांच्या खटल्यात सांगितले. आणि स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, हे १९७८ च्या मनेका गांधी खटल्यापासून ठरलेले आहे.

सुरक्षिततेची चिंता खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्याविरुद्ध पुरावा असेल त्याच्यावर निर्बंध अवश्य घाला. पण तो त्या व्यक्तीपुरता, लेखी, सकारण व मुदतीचा असावा आणि त्याविरुद्ध दाद मागता यावी. सबंध वस्तीला संशयित धरणे ही कार्यपद्धती नव्हे. शिवाय ९ जानेवारी २०१५ पर्यंत आश्रयास आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तामिळांना केंद्राने २०२५ साली पारपत्र व व्हिसाच्या अटींतून सूट दिली आहे. त्यांच्या राहण्यास हरकत नाही, तर त्यांच्या फिरण्यास कोणती?

१ जुलै १९८७ रोजी वा त्यानंतर भारतात जन्मलेल्या मुलाला केवळ जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. त्यामुळे छावणीत जन्मलेला आजचा तरुण ज्या देशातून पळून आलाच नाही त्या देशाचा निर्वासित ठरतो, आणि परगावी नोकरी पत्करताना त्याला आधी हजेरीचा विचार करावा लागतो. परवानगी ही अधिकाऱ्याची कृपा असेल, तर ती केव्हाही काढून घेता येते. म्हणून आमची मागणी कृपेची नाही, कायद्याची आहे: बाहेर जाणे हा नियम असावा आणि अडविणे हा अपवाद. अडविणाऱ्याने कारण द्यावे. जाणाऱ्याकडे ते मागू नये.