चाळणीतून गळालेली माणसे

अमेरिकेतील महामंदीचा विषय निघाला की आपले विद्वान दोन नावे घेतात. अध्यक्ष हूव्हर यांनी १९३२ मध्ये बँका आणि रेल्वे कंपन्यांना कर्ज देणारे महामंडळ काढले, भुकेल्यांना मात्र केंद्राच्या तिजोरीतून थेट मदत द्यायला नकार दिला. म्हणून ते खलनायक. १९३३ मध्ये रूझवेल्ट आले, त्यांनी ‘न्यू डील’ आणले. म्हणून ते नायक. रूझवेल्ट यांचे श्रेय आम्ही नाकारत नाही. दर चौथा कामगार बेकार असताना सरकारने हात बांधून बसायचे नसते, हे त्यांनी करून दाखवले. पण आम्ही पडलो वकील. कायदा हाती आला की आधी व्याख्यांचे कलम उघडायची आम्हाला खोड आहे.

१९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने म्हातारपणी पेन्शन दिले. त्यात ‘रोजगार’ म्हणजे काय हे सांगताना शेतमजुरी आणि घरकाम वगळले. काळा-गोरा हा शब्दही नाही! परंतु दक्षिणेतला कृष्णवर्णीय पुरुष कापसाच्या शेतात राबत होता आणि बाई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करत होती. सुमारे दोन तृतीयांश कृष्णवर्णीय कामगार पेन्शनबाहेर राहिले. विधेयक सिनेटच्या समितीपुढे असतानाच कृष्णवर्णीयांच्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचे वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी त्याला चाळणीची उपमा दिली होती. भोके नेमकी आपली बहुसंख्य माणसे गळतील एवढीच आहेत, असे त्यांचे म्हणणे. न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांचे गुरू ते हेच.

कोणी म्हणेल, यात वर्णद्वेष कशाला शोधता? अशा कामगारांकडून हप्ते गोळा करणे अवघड, असे खुद्द अर्थमंत्री मॉर्गेन्थाऊ यांनी सांगितले होते. वगळलेल्यांत गोरे संख्येने जास्तच होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ज्याच्या मजुरीची कुठे नोंदच होत नाही, त्याचा हिशेब अवघड असणारच. ती अडचण सरकारने सोडवायची की त्याच्यावर ढकलायची? १९३८ च्या किमान वेतन कायद्यातही शेतमजूर पुन्हा बाहेरच राहिला.

त्याआधी शेतीत काय घडले होते ते पाहा. भाव वाढावेत म्हणून १९३३ मध्ये सरकारने उभा कापूस नांगरून टाकायला पैसे दिले. ते मालकाच्या हाती. अर्धेलीने कसणाऱ्या कुळाचा वाटा मालकाने द्यायचा. म्हणजे कूळ ज्याचे कायमचे देणेकरी, त्याच्याच हातून! अनेक मालकांनी तो वाटा जुन्या उधारीत वळता केला. पीक कमी करायचे तर कूळ हवे कशाला, असे म्हणून हजारो कुटुंबांना खोपटातून बाहेर काढले. १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यात टायरोन्झा येथे काळ्या आणि गोऱ्या कुळांनी एकत्र येऊन युनियन काढली, ती याच रागातून.

पेन्शनचा कायदा नियमित काम करणाऱ्या शेतमजुरांपर्यंत आणि मोलकरणींपर्यंत पोहोचला तो १९५० च्या दुरुस्तीने. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना १९५४ ची वाट पाहावी लागली. १९३५ मध्ये पन्नाशीत असलेली मोलकरीण तोवर पासष्टीला आली होती.