घरचा कॅमेरा : चेहरा तोच राहू द्या

गेल्या पावसाळ्यात आम्ही जव्हारला नातलगांकडे गेलो होतो. एक दिवस मोखाड्याच्या बाजूला फिरताना पाऊस वाढला, म्हणून एका पाड्यावर आसरा घेतला. कारवीच्या कुडाचे, शेणाने सारवलेले घर. खिडकी नाही, उजेड येतो तो दारातून. दाराशी नागली निवडत बसलेल्या आजींचा आम्ही फोटो काढला. त्यांचा नातू आश्रमशाळेत राहतो, त्याला तो पाठवायचा होता.

फोटोत बाहेरचा पाऊस छान आला, पण आजींचा चेहरा काळोखात गेला. बाजारातल्या एका दुकानात दिला तर त्यांनी चेहरा उजळून दिला. सुरकुत्या गेल्या, रंग गोरा झाला. आजींनी तो हातात घेतला आणि विचारले, "ही कोन?"

तो प्रश्न आम्हाला लागला. अंधार काढायचा होता, आजींना नव्हे. मग घरी येऊन मूळ फोटो पुन्हा हाती घेतला आणि 'डेन्सिटी मास्क' वापरला.

मास्क म्हणजे फोटोचीच करड्या रंगातली प्रत, जी चाळणीसारखी काम करते. मास्क पांढरा तिथे बदल पूर्ण लागतो, काळा तिथे लागत नाही, करडा तिथे अर्धामुर्धा. साध्या फोटोत उजेडाच्या 0 ते 255 अशा पायऱ्या असतात. प्रत उलटी केली की 40 वर असलेल्या अंधाऱ्या गालाचा मास्क 215 होतो, म्हणजे बदल जवळजवळ पूर्ण लागतो. 250 वरच्या दाराचा मास्क 5 होतो, म्हणजे दार जवळपास तसेच राहते. कडा हाताने कापाव्या लागत नाहीत, म्हणून चेहरा चिकटवल्यासारखा दिसत नाही.

ही युक्ती जुनीच आहे. फिल्मच्या काळात निगेटिव्हवरून फिकट, जरा धूसर पॉझिटिव्ह प्रत काढून ती निगेटिव्हला जोडून छपाई करत. फिल्मवरच्या काळेपणाला डेन्सिटी म्हणत, तिथूनच हे नाव.

फोटोशॉपसाठी टोनी कायपर या अमेरिकन छायाचित्रकाराचे 'टीके' हे विकतचे प्लगइन आहे. उजळ, मधल्या आणि गडद भागांचे मास्क ते बटण दाबताच तयार करते. खर्च नको असेल तर मोफत मिळणाऱ्या 'गिंप'मध्ये हे करा :

१. फोटोच्या थराची दुसरी प्रत करा.
२. त्या प्रतीला 'ॲड लेयर मास्क'मधून 'ग्रेस्केल कॉपी ऑफ लेयर' निवडा आणि 'इन्व्हर्ट मास्क'वर खूण करा.
३. मास्कवर नव्हे, चित्रावर क्लिक करून 'कर्व्ह्ज'ने उजेड थोडा वाढवा.
४. थराचा मोड 'ल्युमिनन्स' ठेवा, म्हणजे रंगछटा फारशी हलत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. दार फोटो काढतानाच पांढरेफट्ट झाले असेल तर त्यातला पाऊस कोणताच मास्क परत आणत नाही, म्हणून फोटो उजळ भाग सांभाळून काढा. आणि अंधार फार उचलू नका, दाणे दिसू लागतात. सावलीतले माणूस सावलीतच बसलेले दिसले पाहिजे.

आपल्या घरांतही निकाहच्या अल्बममध्ये सावळ्या मुलीला गोरी करून देणारे भेटतात, आणि आपणही बोलत नाही. पण मुलगी तो अल्बम पाहून काय शिकते? कुणी आपला चेहरा आपल्या हाती दिला तर ती अमानत आहे. उजेड द्यावा, रंग बदलू नये.

दुसरी प्रत आम्ही आजींना पोहोचवली. त्यांनी फोटो दाराकडे धरून पाहिला, गालावरच्या सुरकुत्यांवर बोट फिरवले आणि म्हणाल्या, "हां, आता पोरगा वळखंल."