नाव झाकून चव

वरुड-मोर्शीला आपण ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतो. शाळेतल्या भाषणांपासून निवडणुकीच्या सभांपर्यंत हे बिरुद इतकं वापरलं गेलं आहे की खऱ्या कॅलिफोर्नियाने आपलं नाव कसं कमावलं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मला तो पडला लाल वाइनमुळे. गेल्या थंडीत अमरावतीत एका स्नेह्यांच्या घरी फ्रान्समधल्या बोर्दोच्या आणि कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यातल्या काही जुन्या, मुरलेल्या वाइन चाखायचा योग आला. त्या संध्याकाळी जे शिकलो, ते आपल्या संत्र्याच्या कामाचं आहे, म्हणून आजचा हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा गाडगेबाबांचा आणि तुकडोजी महाराजांचा मुलूख आहे. इथे गावोगावच्या बायांनी आडव्या बाटलीला मतं देऊन दुकानं बंद पाडली आहेत आणि त्यांच्या बाजूने मी नेहमीच उभा राहीन. कुणी वाइन प्यावी असं सांगण्याचा माझा हेतू नाही. वाइन पारखणारे लोक घोट तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात. आमच्याही टेबलावर त्यासाठी भांडी ठेवली होती. मला सांगायचं आहे ते त्या पारखण्याबद्दल.

यजमानांचा मुलगा सॅन होजेला असतो. विमानाने येणाऱ्याला शुल्क न भरता माणशी दोनच लिटर मद्य आणता येतं. त्या वेळी सगळं कुटुंब आलं, म्हणून एवढ्या बाटल्या जमल्या. त्या इथे राखून ठेवण्यात अर्थ नव्हता. अशी वाइन वर्षानुवर्षं बारा-तेरा अंशांच्या गारव्यात निजवून ठेवावी लागते. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो. त्या उन्हाळ्यात कपाटातली बाटली शिजते, आतला द्रव फुगून बूच वर ढकलतो आणि हवा शिरली की सगळं संपतं. अमरावतीची थंडीतली रात्र मात्र बोर्दोच्या तळघराइतकीच गार असते. त्यामुळे मुहूर्त चांगला होता.

बाटल्या आदल्या दिवसापासून उभ्या ठेवल्या होत्या, गाळ तळाशी बसावा म्हणून. जुनी बुचं ठिसूळ झालेली. मुलाने ती श्वास रोखून काढली. मग बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा उजेड धरून वाइन काचेच्या भांड्यात अगदी सावकाश ओतली. मानेपाशी काळपट गाळाची रेघ दिसली की थांबायचं. ती धुऊन घेतलेल्या बाटलीत परत भरली, बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलं आणि वर आकडे टाकले. कुठली बोर्दोची, कुठली नापाची, हे ओतणाऱ्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

पांढऱ्या चादरीवर पेला तिरपा धरला की वाइनचं वय कडेला दिसतं. कोवळी लाल वाइन काठापर्यंत जांभळी असते. मुरलेलीचा काठ विटकरी होतो. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून रंग येतो, तसा तुरटपणाही येतो. कोवळ्या वाइनचा घोट घेतला तर कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ ओढली जाते. वर्षं जातात तसे ते तुरट घटक एकमेकांना आणि रंगाच्या कणांना धरतात, जड होतात आणि गाळ बनून खाली बसतात. वाइन मऊ होते. ताज्या फळाचा वास मागे पडून तंबाखू, चामडं, सुकं अंजीर, ओली माती असे वास येऊ लागतात. पण नुसतं वय पुरत नाही. मुळात आंबटपणा आणि तुरटपणा नीट जुळलेला नसेल, तर वाइन मुरत नाही, फक्त म्हातारी होते.

आमच्यात वरुडचे एक संत्रा बागायतदार होते. एरवी दारूला न शिवणारे. पहिली बाटली पुढे सरकताच कुणीतरी किंमत सांगायला लागलं, तर ते म्हणाले, “नाव नोका सांगू मले, किंमतही नोका सांगू. आधी चव पाहू द्या.” त्यांनी घोट घोळवला, थुंकला, पुन्हा वास घेतला. दोन नंबरच्या बाटलीपाशी ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “याच्यात आंबट अजून जित्तं हाय.” वाइनवरच्या जाडजूड पुस्तकांत पानभर लिहिलेली गोष्ट त्या माणसाने चार शब्दांत सांगितली. जन्मभर संत्र्याची फोड तोंडात टाकून गोडी आणि आंबट यांचा मेळ पाहणाऱ्या जिभेला वाइनचा परिचय करून द्यावा लागला नाही. शेवटी कागद उलगडले. मतं फाटलेलीच होती; पण आपण कुठला देश चाखतो आहोत, हे कुणालाच खात्रीने ओळखता आलं नव्हतं.

हाच खेळ २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये मोठ्या प्रमाणावर झाला होता. स्टीव्हन स्परिअर हा पॅरिसमध्ये वाइनचं दुकान चालवणारा इंग्रज. त्याने कॅलिफोर्नियाच्या सहा आणि बोर्दोच्या चार लाल वाइन नावं झाकून फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. परीक्षक साधेसुधे नव्हते. फ्रान्समधल्या नामवंत वाइन मासिकाच्या संपादक ओदेत कान त्यांत होत्या. बोर्दोच्या बाजूने मुतों-रोथशिल्ड, ओ-ब्रियों अशी घराणी होती. बोर्दोची प्रतवारी १८५५ सालीच ठरलेली आणि तेव्हापासून जवळपास दगडावरची रेघ. निकाल लागला तेव्हा पहिली आली नापाच्या स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ची कॅबर्ने सोव्हिन्यो. ती बनवणारे वॉरन विनियार्स्की त्याआधी शिकागोच्या विद्यापीठात शिकवत होते. मुतों दुसरी आली. पांढऱ्या वाइनमध्येही कॅलिफोर्नियाचीच शातो माँटेलेना पहिली ठरली. तिथे हजर असलेले एकमेव पत्रकार ‘टाइम’ साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर. त्यांनी बातमी दिली आणि जगाला कळलं.

फ्रेंचांचा आक्षेप असा होता की बोर्दो सावकाश पिकते, कॅलिफोर्नियाची वाइन लवकर खुलते आणि लवकर मरते. थोडी वर्षं जाऊ द्या, मग बघू. तीस वर्षं जाऊ दिली. २००६ मध्ये त्याच लाल वाइन लंडन आणि नापा इथे एकाच दिवशी पुन्हा चाखल्या गेल्या. रिज माँटेबेलोची १९७१ची वाइन पहिली आली आणि पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाने घेतले. मुरण्याच्या कसोटीवरही आक्षेप टिकला नाही.

आपल्यासाठी खरा धडा निकालाच्या मागे आहे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १८८० सालीच राज्य विद्यापीठाने द्राक्षशेती आणि वाइन यांवर संशोधन करावं, शिकवावं, असं ठरवलं होतं. पुढे १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती आणि हा धंदा जवळजवळ मोडला. बंदी उठल्यावर डेव्हिसच्या विद्यापीठ परिसरात काम नव्याने उभं राहिलं. तिथल्या अमेरिन आणि विंकलर या दोन शास्त्रज्ञांनी राज्यातल्या भागांची उष्णता मोजून त्यांचे पाच विभाग पाडले आणि कुठल्या विभागात कुठली द्राक्षं लावावीत हे १९४४ मध्ये छापून शेतकऱ्यांच्या हाती दिलं. कुठल्या मातीत काय लावायचं, कधी तोडायचं, कुठल्या तापमानाला आंबवायचं, याचा हिशेब त्यांनी दशकानुदशकं मांडला. पॅरिसची दुपार ही त्या हिशेबाची वसुली होती.

कॅलिफोर्नियाने फळांतही हेच केलं. रिव्हरसाइडच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्रात एच. बी. फ्रॉस्ट यांनी दोन जातींचा संकर करून १९३५ मध्ये एक नवं फळ बाहेर काढलं. त्याचं नाव किन्नो. तेच किन्नो पुढे पंजाबात आलं, अबोहरच्या बागांत रुजलं आणि आज अमरावतीच्या फळबाजारात आपल्या संत्र्याशेजारी हातगाडीवर मांडलेलं दिसतं. खऱ्या कॅलिफोर्नियाचं फळ विदर्भाच्या कॅलिफोर्नियात येऊन विकलं जातं, यातून काय घ्यायचं ते आपण घ्यावं.

आपल्याकडे काय नाही? भाऊसाहेब पंजाबराव देशमुख या अमरावती जिल्ह्यातल्या माणसाच्या नावाचं कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरात आहे. वरुड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार या पट्ट्यातला बागायतदार जंबेरीचा खुंट कुठे चालतो, रंगपूर कुठे, डिंक्या कुठल्या जमिनीत लवकर लागतो, हे अनुभवाने जाणतो. आंबिया आणि मृग या बहारांच्या फळांतला फरक तो डोळे मिटून सांगेल. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

उणीव आहे ती चवीला किंमत मिळण्याची. बगीचा झाडावरच उक्ता विकला जातो. व्यापारी आकार बघतो, चकाकी बघतो, किती दिवस टिकेल ते बघतो. फोड कुणी तोंडात टाकलीच, तर त्यावरून भाव ठरत नाही. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीतलं, पाणी तोडून राखलेलं गोड-आंबट फळ आणि भारी जमिनीत पाणी पाजून फुगवलेलं फिकं फळ एकाच ट्रकमध्ये, एकाच नावाने दिल्लीला जातं. चांगलं पिकवणाऱ्याला त्याचा मोबदला मिळत नसेल तर तो चांगलं कशासाठी पिकवेल? बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं तेव्हा संत्र्याचे भाव कसे कोसळले, हे आपण पाहिलं. ज्या मालाला स्वतःचं नाव नसतं, त्याला एक गिऱ्हाईक गेलं की दुसरं शोधता येत नाही. बोर्दोत गावागणिक, मळ्यागणिक बाटली वेगळी ओळखली जाते. आपल्याकडे वरुडच्या आणि अचलपूरच्या संत्र्यातला फरक जाणणारे लोक आहेत, पण तो फरक पेटीवर कुठेच लिहिलेला नसतो.

म्हणून अकोल्याच्या विद्यापीठाला आणि आपल्या बागायतदार संघांना माझी विनंती आहे. येत्या आंबियाच्या हंगामात एक टेबल मांडा. वरुड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार, काटोल इथली संत्री आणि अबोहरचं किन्नोही त्यावर ठेवा. नावं झाका, आकडे लावा. परीक्षक म्हणून बागायतदार, व्यापारी, शास्त्रज्ञ आणि घरासाठी संत्री विकत घेणाऱ्या बाया बसवा. गुण जाहीर करा, आणि पहिल्या आलेल्या बागेची माती, खुंट, पाणी, तोडणीची तारीख, सगळं छापून गावोगाव वाटा. पुढच्या वर्षी पुन्हा करा, त्याच्या पुढच्या वर्षीही करा. आपलं फळ हरलं तर कुठे कमी पडलो ते कळेल आणि जिंकलं तर ते नाव पेटीवर छापता येईल. विदर्भाचा कॅलिफोर्निया हे बिरुद आपण फार वर्षं फुकट वापरलं आहे. आता ते कमवायला घेऊ या.