सुलह म्हणजे माघार नव्हे

आठवीच्या वर्गात 'सुलह' या उर्दू शब्दाचा मराठी अर्थ विचारला होता. तह, समेट, तडजोड, काहीही चाललं असतं. एका हुशार मुलाने वहीत लिहिलं, 'माघार'. मी चूक म्हणून खोडलं नाही. विचारलं, असं का? म्हणाला, "सर, ज्याने हत्यार खाली ठेवलं तो हरलाच ना?"

अशा वेळी कुठल्याही मुसलमान शिक्षकाला हुदैबियाचा तह आठवतो. मलाही आठवला. पण त्याच्या सोबतीने आपल्याच काळातला एक माणूस आठवला. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. अल-हाज मुराद इब्राहिम.

उम्मतची चर्चा आपण फलस्तीनपासून सुरू करतो आणि अफगाणिस्तानपाशी थांबवतो. फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या मिंदनाओ बेटावर मुसलमानांनी पन्नास वर्षं लढा दिला, हे अनेकांच्या गावीही नसतं. तिथल्या मुसलमानांना स्पॅनिश राज्यकर्त्यांनी हिणवून 'मोरो' म्हटलं. त्यांनी तेच नाव अभिमानाने मिरवलं. विसाव्या शतकात सरकारी धोरणाने उत्तरेकडून ख्रिस्ती वसाहतकरी आणून बसवले गेले, जमिनी गेल्या आणि मोरो आपल्याच मुलखात अल्पसंख्य झाले. 1968 मध्ये लष्करी प्रशिक्षणासाठी नेलेल्या मुस्लिम तरुणांना कोरेहिदोर बेटावर गोळ्या घातल्या गेल्या. 1972 मध्ये फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि बंड पेटलं. या संघर्षात एक लाखाहून अधिक माणसं मेली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

मुराद तेव्हा कोताबातोमध्ये सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत होते. पदवीला थोडाच अवधी उरला असताना कॉलेज सोडून ते जंगलात गेले. पुढे मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंटच्या फौजेचे प्रमुख झाले. अल-अझहरमध्ये शिकलेले संस्थापक हाशिम सलामत 2003 मध्ये वारले, तेव्हा संघटनेची सूत्रं मुराद यांच्याकडे आली.

युद्ध चालू ठेवायला त्यांच्याकडे कारणांची कमी नव्हती. 2000 मध्ये सैन्याने अबूबकर नावाचा त्यांचा मुख्य तळ जिंकला. राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा तिथे सैनिकांसाठी भाजलेलं डुक्कर आणि बीअर घेऊन गेले. अपमान कसा करायचा हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. 2008 मध्ये ठरत आलेला करार सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. संघटनेतले काही कमांडर बेभान होऊन गावांवर तुटून पडले, लाखो लोक बेघर झाले. तरीही 2011 मध्ये मुराद जपानमध्ये राष्ट्राध्यक्ष अक्विनो यांना गुपचूप भेटले. 2014 मध्ये सर्वंकष करार झाला. 2015 मध्ये मामासापानो इथे चकमकीत 44 पोलीस मारले गेले, संघटनेचेही लढवय्ये गेले, संसदेत स्वायत्ततेचं विधेयक अडकलं. मुराद तेव्हाही जंगलात परतले नाहीत. 2017 मध्ये आयसिसचं नाव घेणाऱ्या टोळ्यांनी मरावी शहर बेचिराख करायला घेतलं, तेव्हा या जुन्या बंडखोरांनी सरकारसोबत मिळून अडकलेल्या नागरिकांना बाहेर काढण्यासाठी सुरक्षित वाट उघडली.

21 जानेवारी 2019 रोजी स्वायत्ततेवर सार्वमत झालं. सत्तरीतल्या मुराद यांनी त्या दिवशी आयुष्यातलं पहिलं मतदान केलं. महिनाभरात ते बांगसामोरो या स्वायत्त प्रदेशाचे अंतरिम मुख्यमंत्री झाले. वाटाघाटी करणारे मोहाघेर इक्बाल शिक्षणमंत्री झाले. हजारो लढवय्यांनी शस्त्रं जमा केली.

मी त्या मुलाला इथपर्यंतच सांगितलं. पण ही गोष्ट इथे संपत नाही, आणि ब्लॉगच्या वाचकांपासून पुढचं लपवायचं कारण नाही.

नवी व्यवस्था तीन वर्षांची होती. 2022 मध्ये निवडणूक व्हायची होती. संघटनेनेच मुदतवाढ मागितली. करोना होता, कायदे अपुरे होते, शस्त्रं जमा करणं बाकी होतं. कारणं खोटी नव्हती. निवडणूक 2025 वर गेली. मग मे महिन्यावरून ऑक्टोबरवर गेली. ऑक्टोबरमध्येही झाली नाही, कारण मतदारसंघांच्या आखणीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. दरम्यान मार्च 2025 मध्ये मुराद यांना पदावरून दूर केलं गेलं. त्यांच्याच फौजेचे प्रमुख अब्दुलरऊफ मकाकुआ यांना ती खुर्ची मिळाली. नेमणूक करणारे राष्ट्राध्यक्ष होते फर्डिनांड मार्कोस ज्युनिअर. ज्या मार्कोसविरुद्ध तरुण मुराद जंगलात गेले, त्यांचेच चिरंजीव.

नियतीचा खेळ म्हणून सोडून देता येईल. मला तसं वाटत नाही. नेमणुकीने मिळालेली खुर्ची नेमणुकीनेच जाते. मुराद 2022 मध्ये लोकांसमोर गेले असते आणि जिंकले असते, तर मनिलाहून आलेल्या एका आदेशाने त्यांना उठवता आलं नसतं. हरले असते, तर सन्मानाने विरोधी बाकांवर बसले असते. मुदतवाढ मागताना त्यांनी आपल्या हातातलं सर्वांत मोठं शस्त्र खाली ठेवलं, आणि ते बंदूक नव्हतं.

आपल्याच देशातलं उदाहरण बघा. मिझोराममध्ये लालडेंगा यांनी वीस वर्षं बंड केलं. जून 1986 मध्ये करार केला आणि फेब्रुवारी 1987 मध्ये निवडणूक लढवून जिंकली. 1989 मध्ये त्यांचा पक्ष हरला, विरोधात बसला आणि 1998 मध्ये मतपेटीतूनच परत आला. मिझोराममधली शांतता का टिकली याची अनेक कारणं असतील. पण बंडखोर हरायला शिकले, हे त्यातलं मोठं कारण आहे असं मला वाटतं.

तरीही मुराद यांचं एक श्रेय कुणी हिरावून घेऊ शकत नाही. त्यांच्याआधी नूर मिसुआरी होते. विद्यापीठात शिकवणारे, चळवळीचे पहिले मोठे नेते. तेही 1996 च्या करारानंतर गव्हर्नर झाले. 2001 मध्ये खुर्ची जाणार असं दिसताच त्यांच्या माणसांनी पुन्हा बंदुका उचलल्या, आणि सुलू बेटावर माणसं मेली. 2025 मध्ये मुराद यांची खुर्ची गेली, तेव्हा त्यांच्या संघटनेने नाराजी कळवली, पण रणांगण पेटवलं नाही.

मुसलमान हत्यारापासून सुटूच शकत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही गोष्ट वाचावी. आणि मोबाइलवर बंदूकधाऱ्यांचे व्हिडिओ बघून ज्यांचं रक्त सळसळतं, त्या आपल्या पोरांनीही वाचावी. मोठ्यांनी तर जरा जास्तच लक्ष देऊन वाचावी. आपल्या मशिदींच्या आणि शिक्षणसंस्थांच्या कमिट्यांत निवडणूक पुढे ढकलायला नेहमीच एक चांगलं कारण सापडतं. "अजून वेळ योग्य नाही", "कौममध्ये फूट पडेल". अमानत म्हणून घेतलेली खुर्ची बघता बघता मिरास होते. मग एक दिवस धर्मादाय आयुक्तांचा कागद येतो आणि आपण जुलूम झाला म्हणून ओरडतो.

त्या मुलाच्या वहीत मी 'माघार' या शब्दाशेजारी 'तह' असं लिहिलं. हत्यार खाली ठेवणारा हरत नाही, हे त्याला पटलं. उरलेला धडा त्याच्या वयाचा नाही, माझ्या वयाचा आहे. लोकांसमोर जाऊन हरायची तयारी असल्याशिवाय सुलह पूर्ण होत नाही.