'रन' आणि 'लागणे'

'रन' या इवल्याशा इंग्रजी क्रियापदाचे ६४५ अर्थ ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०११ साली मोजले. नाक वाहते, दुकान चालते, उमेदवार निवडणुकीस उभा राहतो. तिन्ही ठिकाणी 'रन'च. एवढे ऐकताच आपल्यातील काही सुशिक्षित मान डोलावून विचारतात, "मराठीत कोठे आहे ही श्रीमंती?"

या प्रश्नातील गृहीतकासच आमचा विरोध आहे. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, नोकरी लागते, वेड लागते. कोणी आपला मामा लागतो, मूल बोलू लागते. हे 'लागणे' एक की अनेक? ज्यांना यात दारिद्र्य दिसते, त्यांनी आधी स्वतःच्या घरातील बोलण्याकडे कान द्यावा.

मग अंतर कशात आहे? मोजदादीत. १८५७ साली सुचविलेला इंग्रजांचा तो कोश १९२८ साली पुरा झाला, आणि त्याची फेरतपासणी आजही चालू आहे. आपल्याकडे दाते-कर्वे यांनी 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध केले. त्या श्रमांचा वारसा मराठी समाजाने कपाटात ठेवला. २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे मात्र वाटले.

पेढ्यांनी कोश भरत नाही. मुलांना मराठी शाळेतून काढताना भाषेच्या गरिबीचे निमित्त कोणी पुढे करू नये. गरिबी असलीच तर ती कष्टांच्या तयारीची आहे, आणि तिच्यावर उपाय आपल्यालाच करावा लागेल.