वहीतील कर्ण आणि मांडवातील तिरपी

गतवर्षी मल्हारगंजातील एका गल्लीत गणेशोत्सवाचा मांडव उभा राहताना आम्ही पाहिला. लोखंडी नळ्या बांधणाऱ्या कारागिराने दर दोन खांबांमध्ये एक तिरपी नळी घातली होती. सायंकाळी कोणी तरी म्हणाले, "ही जाण्यायेण्यात आड येते, काढून टाका." कारागीर घुटमळला, परंतु पैसे देणाऱ्याचे ऐकणे त्यास भागच होते. दुसऱ्या दिवशी वारा सुटला. एकही नळी मोडली नाही, वाकलीही नाही. सारा मांडव मात्र एका अंगास कलला आणि शेजारच्या भिंतीला टेकून राहिला. आत त्या वेळी मुले नव्हती, ही गणरायाची कृपा. पुढे उपाय काय झाला? अधिक जाड खांब आणले गेले! तिरपी काही परत आली नाही.

आमची तक्रार त्या मंडळीविरुद्ध नाही. जाडी म्हणजेच बळकटी, ही जी समजूत आपणा सर्वांच्या मनात घर करून बसली आहे, तिच्याविरुद्ध आहे. वस्तुतः हा विषय सातवी-आठवीच्या भूमितीचा आहे. चार काड्या टोकांशी सैल जोडून चौकोन करा. बोटाने ढकलताच तो कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र काडी मोडल्यावाचून आकार सोडीत नाही. काड्यांचा घन केला, तर १२ कडा असूनही तो डुलतो. त्याच्या सहाही पृष्ठांवर एकेक कर्ण घाला, म्हणजे १८ काड्यांचा घन ताठ उभा राहतो. ८ सांध्यांची तिप्पट करून ६ वजा केले की हेच १८ येतात. हा नियम मॅक्सवेलने १८६४ साली मांडला. चतुष्फलकाचे सांधे ४ आणि काड्या ६. तोही या हिशेबात चोख बसतो. अशा सांगाड्यात भार सांध्यांवर ठेवला, की प्रत्येक दांडी केवळ ताणली किंवा दाबली जाते; ती वाकविली जात नाही. म्हणूनच ती बारीक असली तरी चालते. आणि ती पोकळ का? दाबाखाली बारीक दांडी मध्येच फुगून वाकते. तेच लोखंड मध्यापासून दूर, नळीच्या भिंतीत ठेवले, तर त्याच वजनात ती अधिक दाब सोसते. आपल्या माळव्यातील गव्हाची काडी एवढे जड कणीस घेऊन उभी असते, ती याच युक्तीने.

तिरपी आड आली तर तिला काढावे की आपली वाट बदलावी, हा प्रश्न जर्मनीतील मोटार-अभियंत्यांपुढेही आला होता. १९५२ साली मर्सिडीझ कारखान्याने शर्यतीसाठी बारीक नळ्यांच्या त्रिकोणांचा सांगाडा असलेली गाडी केली. बळकटीसाठी सांगाडा दोन्ही बाजूंस इतका उंच घ्यावा लागला, की नेहमीचे दार बसेना. रुडॉल्फ उहलेनहाउट यांनी नळी कापली नाही. दारच छताला टांगून वर उघडणारे केले. त्या वर्षीची ल मान्सची शर्यत त्याच गाडीने जिंकली. पक्ष्याच्या पंखासारखी ती दारे लोकांनी शोभा म्हणून वाखाणली. मूळची ती सांगाड्यापुढे घेतलेली माघार होती!

आपल्या देशातही असा हट्ट झालेला आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९७२ साली वास्तुकार राज रेवाल व अभियंता महेंद्र राज यांनी 'हॉल ऑफ नेशन्स' उभारला. मूळ कल्पना पोलादी सांगाड्याची होती. परंतु पोलाद महाग व दुर्मिळ. तेव्हा त्यांनी त्रिकोण सोडले नाहीत, पोलादी नळ्या सोडल्या, आणि तोच त्रिमिती सांगाडा सिमेंट-काँक्रीटमध्ये जागेवर ओतून घेतला. एप्रिल २०१७ मध्ये तो पाडण्यात आला. जे जपावयास हवे होते ते आपण पाडले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इतके दूर तरी कशास जावे? इंदूरजवळच्या पीथमपूर येथे २००७ साली 'बाहा' ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा प्रथम भरली व पुढेही अनेक वर्षे तेथे भरत राहिली. विद्यार्थी स्वतः नळ्या कापून, वाकवून, जोडून लहानशी गाडी तयार करतात आणि खाचखळग्यांतून पळवितात. गाडी उलटली तरी आतील मुलाचे डोके सुरक्षित राहावे, म्हणून त्याच्याभोवती नळ्यांचा पिंजरा असतो. मुख्य नळी सुमारे १ इंच व्यासाची व ३ मिलिमीटर जाडीची, अथवा तिच्या तोडीची असावी, असा दंडक आहे. तेथे 'आड येते' म्हणून कोणी तिरपी काढू म्हणेल, तर परीक्षक त्यास मैदानात उतरू देणार नाहीत.

परंतु हे शिक्षण महाविद्यालयापर्यंत का लांबावे? १९७८ च्या सुमारास अरविंद गुप्ता यांनी आपल्याच प्रांतातील होशंगाबादच्या शाळांसाठी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे एवढ्यावर त्रिकोण, घन व चतुष्फलक बांधण्याची रीत काढली. खर्च काही पैशांचा. आमच्या वर्गांत मात्र कर्ण अजूनही फळ्यावरच काढला जातो, आणि पाचपैकी पाच गुण मिळविणारा विद्यार्थी मांडवातील तिरपी पाहून तिला ओळखत नाही.

पुढील स्नेहसंमेलनाचा मांडव नववीच्या मुलामुलींनी आधी काड्यांत बांधून, बोटाने ढकलून दाखवावा आणि तो पाहण्यास मांडववाल्या कारागिरासही बोलवावे, असे आम्ही मुख्याध्यापकांस सुचविले आहे. उत्तर यावयाचे आहे.